हरत आलेला डाव : साताऱ्याचा वेढा आणि सांगलीचा पट

इतिहासाच्या तासाला १६८९ ते १७०७ हा कालखंड 'मराठ्यांचे स्वातंत्र्ययुद्ध' या मथळ्याखाली शिकविला जातो आणि परीक्षेत त्यावर हटकून एक प्रश्न असतो. आपण उत्तर लिहितो : संताजी-धनाजींचा पराक्रम, ताराबाईंचे नेतृत्व, औरंगजेबाचा हट्ट, सह्याद्रीची साथ. गुणही मिळतात. परंतु या उत्तराने माझे समाधान कधी झाले नाही. पराक्रम तर १६८९ च्या आधीही होता. सह्याद्री जागच्या जागी होता. मग राजा मारला गेला, राजधानी पडली, युवराज कैदेत गेला, खजिना रिता झाला, अशा अवस्थेतून एखादे राज्य उठते ते नेमके काय केल्याने? पहिली खेळी कोणती, दुसरी कोणती? आणि प्रत्येक खेळीची किंमत कोणी भरली?

'खेळी' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. मी सांगलीची. आमच्या गावात नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ पासून चालू आहे आणि कै. भाऊसाहेब पडसलगीकरांचे नाव माहीत नसलेले घर जुन्या सांगलीत विरळाच. उन्हाळ्याच्या सुटीत पोहायला आणि बुद्धिबळाला मुलांना पाठवायचे, ही तिथली रीतच. शिक्षणासाठी साताऱ्यास आल्यावर पट थोडा मागे पडला. पण मामेभावाच्या संगणकावर २००६ साली निघालेला 'मीडिव्हल टू : टोटल वॉर' हा मध्ययुगीन युद्धाचा खेळ हाती लागला. त्यातील लढाया धावत्या असतात, पण राज्यकारभाराचा नकाशा बुद्धिबळासारखा आळीपाळीने खेळावयाचा असतो. आपली पाळी संपली की इतर राज्ये आपापल्या खेळ्या करतात आणि मग पुन्हा आपण. १०८० ते १५३० हा काळ २२५ पाळ्यांत विभागलेला आहे. प्राध्यापकवर्ग कपाळाला आठ्या घालील याची कल्पना असूनही सांगते, की वरील प्रश्नाचा विचार करायला मला या खेळाने लावले.

झाले असे, की मामेभावाने पोलंडचा एक डाव अर्ध्यावर टाकून दिला होता. क्राकोव आणि आणखी एक ठाणे एवढेच शिल्लक, तिजोरीत शिल्लक उणे, पूर्वेकडून मंगोल येत असलेले. "हा गेला, नवा सुरू करतो," असे म्हणून तो उठला. मी तो डाव मागून घेतला आणि जपून ठेवला. गेल्या वर्षभरात तोच डाव त्याच जागेपासून मी अनेकदा खेळले आहे. जिंकत आलेल्या डावातून फारसे कळत नाही. तिथे कोणतीही बरी खेळी चालून जाते. हरत आलेल्या डावात मात्र खेळाचे नियम उघडे पडतात.

पहिला नियम असा, की ठाणी आणि राज्य या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. या खेळात राजघराण्यातील सारे कर्ते पुरुष संपले, तर किल्ले शाबूत असूनही ते राज्य बुडते. किल्ले बंडखोरांकडे जातात. उलट एकच गढी उरली आणि वारस जिवंत असला तरी डाव चालूच राहतो. म्हणून किल्ला वाचवायचा की राजपुत्राला बाहेर काढायचे असा प्रसंग आला, तर किल्ला सोडावा. हे वाचताना रायगड आठवला नाही असा मराठी वाचक नसेल. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरास संभाजीराजे पकडले गेले, ११ मार्चला त्यांची हत्या झाली आणि त्याच महिन्यात रायगडाला वेढा पडला. बखरी सांगतात, की राजघराण्यातील सगळ्यांनी एकाच किल्ल्यात अडकून राहू नये, राजारामांनी बाहेर पडावे, हा निर्णय येसूबाईंचा. स्वतःचा मुलगा शाहू गादीचा हक्कदार असताना, त्याच्यासह आपण मागे राहून, दिराला बाहेर काढणे हा केवळ त्याग नव्हता; तो अचूक हिशेब होता. राजाराम एप्रिलात गड उतरले, प्रतापगड-पन्हाळा करीत, वेषांतराने बेदनूरमार्गे वर्षअखेरीस तामिळ मुलखातील जिंजीस पोहोचले. रायगड नोव्हेंबरात पडला. येसूबाई व शाहू कैद झाले. राजधानी गेली, पण राज्य गेले नाही.

जिंजीचे महत्त्व मला बुद्धिबळाच्या एका जुन्या शेवटावरून कळले. समजा, पांढऱ्याकडे एक उंट आणि हत्तीच्या पट्टीतले, म्हणजे अगदी कडेचे, एक प्यादे आहे. काळ्याकडे एकटा राजा. पाहणाऱ्याला वाटेल डाव संपला. पण ज्या घरात ते प्यादे वजीर व्हायचे ते घर काळे असेल आणि उंट पांढऱ्या घरांवरून चालणारा असेल, तर काळ्या राजाने त्या कोपऱ्यात जाऊन बसावे. त्याला तेथून कोणी हलवू शकत नाही. फार जवळ येऊन कोंडले तर त्याला शह नसताना खेळीच उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. मोहरी कितीही असोत, त्या कोपऱ्यावर ज्याचा अंमल चालत नाही तो जिंकत नाही. जिंजी हा असा कोपरा होता. जुल्फिकारखान १६९० च्या सप्टेंबरात तेथे पोहोचला आणि किल्ला त्याच्या हाती पडला १६९८ च्या आरंभी. तोवर राजाराम निसटून महाराष्ट्रात परतण्याच्या वाटेला लागले होते. आठ वर्षे बादशाही फौजेचा एक मोठा तुकडा महाराष्ट्रापासून शेकडो मैलांवर अडकून पडला. इकडे रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकुमतपन्हा' करून महाराष्ट्राचा सारा कारभार सोपविलेला. त्यांच्या जोडीला शंकराजी नारायण, आणि आपल्या किन्हईचे परशुराम त्रिंबक, ज्यांनी १६९२ त पन्हाळा परत घेतला. राजा एका टोकाला आणि कारभार दुसऱ्या टोकाला, अशी ही मांडणी. एकच वार दोघांवर बसू नये, हा तिचा हेतू.

आपल्याकडच्या जुन्या देशी बुद्धिबळात एक मजेदार रीत होती. प्रतिपक्षाची सर्व मोहरी मारून त्याचा राजा एकटा उरला, तर त्या अवस्थेला 'बुर्ज' म्हणत आणि तिला पूर्ण जीत मानीत नसत. लुटणे निराळे आणि मात करणे निराळे. औरंगजेबाने पुढील काळात जे मिळविले ते बुर्जाच्या जातीचे होते, असे मला वाटते.

दुसरा नियम पैशाचा, आणि तो पराक्रमाच्या धड्यांत येत नाही. खेळात प्रत्येक पलटणीला प्रत्येक पाळीला पगार द्यावा लागतो, मग ती लढो वा तंबूत बसो. शिल्लक उणे झाली की नवी भरती बंद. त्या पोलंडच्या डावात मी पहिल्या पाळीलाच भाडोत्री स्वार काढून टाकले आणि शहरातले, बिनपगारी राहू शकणारे, पहारेकरी तेवढे ठेवले. मैदानावर शत्रूला सामोरे जायचेच नाही. तो वेढा घालील तर घालू द्यावा; बाहेर बसलेल्या त्याच्या फौजेचाही पगार चालू असतो. दुर्बळाचा बचाव म्हणजे बलवानाला खर्चात पाडणे.

आता साताऱ्याकडे येऊ. राजारामांनी साताऱ्यास राजधानी केली आणि वर्षभरातच, डिसेंबर १६९९ मध्ये, स्वतः औरंगजेब किल्ल्याखाली येऊन उतरला. त्याचा तळ करंज्याजवळ होता. आज आपण ज्या अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरावयास जातो त्याची ती कथा आहे, म्हणून जरा तपशिलाने सांगते. मुख्य मारा ईशान्य कोपऱ्यावर तरबियतखानाने धरला. १८१८ नंतर साताऱ्यास कंपनीचा अधिकारी म्हणून राहिलेला ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या इतिहासात या कोपऱ्याची उंची ६७ फूट देतो : ४२ फूट अखंड खडक आणि त्यावर २५ फूट बांधकाम. म्हणजे तोफेने पाडायची भिंत थोडी आणि न पडणारा डोंगर फार. तेव्हा सुरुंग खणणे आले. खडकात सुरुंग खणायला साडेचार महिने गेले. किल्ल्यात हवालदार प्रयागजी प्रभू. किल्ल्यावरून मोठाले दगड लोटण्याचे काम अहोरात्र चालू होते.

पण किल्ल्यातले धान्य? इथे वेढ्याची खरी गोष्ट आहे. परशुराम त्रिंबक शेजारच्या परळीच्या किल्ल्यावर, म्हणजे सज्जनगडावर, जाऊन बसले होते आणि तेथून साताऱ्यास धान्य पोहोचवीत होते. बादशहाचा वेढा असताना हे कसे घडले? डफ सांगतो, की शहाजादा आज्जमचा काणाडोळा विकत घेतला गेला होता. बापाने वेढा घालायचा, मुलाने वाट सोडायची! पुढे किल्ला पडल्यावर त्याच शहाजाद्याच्या नावावरून त्याचे नाव 'आज्जमतारा' ठेवण्यात आले, हा विनोद इतिहासानेच केलेला. माझ्या पदरचा नाही. बाहेर मराठी स्वार मोगलांच्या चारा-दाण्याच्या टोळ्या कापीत होते, त्यामुळे वेढा घालणाराच अर्धा वेढलेला होता.

१३ एप्रिल १७०० रोजी सुरुंग उडाले. पहिल्या स्फोटात तट आतल्या बाजूस ढासळला, किल्ल्यातील काही माणसे गाडली गेली; प्रयागजी प्रभूही ढिगाऱ्याखाली गेले, पण त्यांना जिवंत उकरून काढण्यात आले. दुसरा सुरुंग मात्र बाहेरच्या बाजूस उडाला आणि चढाईसाठी खाली दाटीवाटीने उभे असलेले सुमारे दोन हजार मोगल सैनिक त्यात मेले. आठवडाभराने, २१ एप्रिलला, वाटाघाटी होऊन किल्ला मोगलांना मिळाला. पाठ्यपुस्तकात 'औरंगजेबाने सातारा जिंकला' एवढे एकच वाक्य आहे. साडेचार महिने, दोन हजार माणसे आणि असंख्य जनावरे खर्ची घालून त्याने पटावरचे एक घर घेतले. मग परळी, ती जूनमध्ये मिळाली. तोवर पाऊस लागला. परळीहून भूषणगडापर्यंतच्या थोड्याशा मजलेला लष्कराला महिनाभर लागला. कृष्णा भरलेली, उंट-बैल चिखलात मेलेले. ऑक्टोबरात खवासपुरास माण नदीला रात्रीत पूर येऊन सारा तळ उधळला गेला आणि धावपळीत बादशहाचा गुडघा निखळला, तो कायमचा अधू झाला. माणगंगेच्या कोरड्या पात्रात क्रिकेट खेळणाऱ्या माझ्या आटपाडीच्या मैत्रिणीला हे मी सांगितले, तर ती मानायलाच तयार होईना.

पुढची यादी भराभर सांगते : पन्हाळा १७०१, विशाळगड १७०२, कोंढाणा १७०३, राजगड आणि तोरणा १७०४. यांतले बरेच किल्ले लढून नव्हे तर रकमेच्या बोलीवर मिळाले. किल्लेदार पावसाळ्याच्या तोंडापर्यंत लढवीत, मग पैसे घेऊन उतरत. आणि बादशहाची पाठ वळली की तोच किल्ला परत घेतला जाई. मोगली खजिन्यातील पैसा मराठ्यांच्या फौजेत आणण्याची याहून सोपी युक्ती ती कोणती? खुद्द सातारा औरंगजेबाच्या हयातीतच परत आला. अण्णाजीपंत नावाच्या ब्राह्मणाने गोसाव्याच्या वेषात शिबंदीत शिरून, गाणी-गोष्टी सांगून विश्वास संपादून तो घेतल्याची कथा गॅझेटिअरात आहे. नाटकाला उत्तम विषय आहे. स्नेहसंमेलनाच्या चिटणिसांनी विचार करावा.

खेळाने मला जिथे दगा दिला ते स्थळ आता येते. साताऱ्याचा वेढा चालू असतानाच, २ मार्च १७०० ला, राजाराम सिंहगडावर वारले. मागे लहान मुले. थोरल्या वारसाच्या शिरी मोगलांचा पहारा. संगणकाच्या हिशेबाने हे राज्य येथे संपले पाहिजे. त्या खेळात राणी नाही. राजकन्या आहेत, पण त्या लग्न जुळविण्यासाठी आणि तहाच्या बोलण्यांसाठी. चार-पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसवून, पंचविशीतली विधवा किल्ल्याकिल्ल्यांवर फिरून मोहिमा ठरवील, अशी खेळीच नियमात बसविलेली नाही. ताराबाईंनी जे केले ते बुद्धिबळातील बचावाच्याही पुढचे होते. कृष्णा सावंताने १६९९ त प्रथम नर्मदा ओलांडली होती. ताराबाईंच्या काळात ती वाट रुळली. बादशहा सह्याद्रीत एकेक किल्ला मोजीत असता मराठी फौजा माळवा-गुजरातेत चौथाई मागू लागल्या. १७०६ त धनाजी जाधवांनी गुजरातेत रतनपूरजवळ मोगल फौजेचा धुव्वा उडविला. आपल्या राजावर शह असताना, शह टाळण्याऐवजी मध्ये मोहरे घालून त्याच मोहऱ्याने उलट शह द्यावा, तसा हा प्रकार. मघाच्या पोलंडच्या डावात मलाही अखेर तेच करावे लागले : क्राकोवच्या वेढ्याकडे पाठ फिरवून शत्रूच्या रिकाम्या शहरांवर चाल. तिथून तिजोरी भरू लागली आणि सुमारे चाळीस पाळ्यांनी वेढा आपोआप उठला. फरक इतकाच, की माझा डाव फसला असता तर जपून ठेवलेल्या जागेवरून मी तो पुन्हा सुरू करणार होते. १७०० साली ताराबाईंना ही सोय नव्हती.

परंतु या सावरण्याचे कौतुक करून थांबणे मला प्रामाणिक वाटत नाही. शिवाजी महाराजांनी सरदारांना मुलूख तोडून देण्याची पद्धत आवरली होती. राजारामांच्या काळात रोकड नव्हती. मोगलही वतनांचे आमिष दाखवून माणसे फोडीत होते. तेव्हा मराठी राज्यालाही वतने आणि सरंजाम कबूल करावे लागले. १६९१ त घोरपड्यांना दिलेल्या आश्वासनात तर रायगडापासून पार दिल्ली काबीज होईपर्यंतच्या टप्प्यांची बोली आहे. दिल्ली हाती नसताना दिल्लीवरची हुंडी! बुद्धिबळात मोहरे बळी देऊन वेळ मिळवितात, तसा इथे भावी राज्याचा एक तुकडा देऊन वेळ मिळविला. त्याखेरीज गत्यंतर होते काय? मला तरी दिसत नाही. पण ज्यांच्या सहीशिक्क्याने ही वतने दिली गेली, त्या रामचंद्रपंतांचेच म्हणून मानले जाणारे आज्ञापत्र १७१५ च्या सुमारास लिहिले गेले, आणि त्यात वतनदारांविषयी किती सावध आणि कडू बोल आहेत ते आपल्या ग्रंथालयातील प्रतीत अवश्य पाहावे. मराठीच्या विद्यार्थ्यांना ते भाषेसाठी नेमलेले असते; ते एका थकलेल्या खेळाडूचे आपल्याच खेळीवरचे टिपण म्हणून वाचावे, अशी माझी विनंती आहे.

संताजी घोरपड्यांचे काय झाले, हाही याच हिशेबाचा भाग. १६९५ च्या अखेरीस दोड्डेरीस कासिमखानाला आणि लगेच १६९६ च्या जानेवारीत हिंमतखानाला ज्याने संपविले, त्या सेनापतीशी राजाचे आणि धनाजींचे फाटले. आणि १६९७ त शंभुमहादेवाच्या डोंगरात म्हसवडच्या नागोजी मान्यांनी त्यांना मारले. माण तालुक्यातून येणाऱ्या आमच्या वर्गबंधूंपुढे हे बोलणे अवघड जाते. पण जो पक्ष हरत आलेला असतो त्याच्यात फाटाफूट लवकर होते, कारण प्रत्येकजण आपापला शेवट स्वतंत्रपणे वाचवू पाहतो.

आणि रयत. संगणकाच्या नकाशावर खेडी नसतात. ठाण्याखाली एक लोकसंख्येचा आकडा असतो, तो वेढ्यात थोडा घटतो आणि पुन्हा वाढतो. बुद्धिबळात तर तेवढेही नाही. बादशहाची फौज खटाव-माण-मिरजेच्या वाटेने वर्षानुवर्षे जात-येत होती. मिरजेचे तर नावच मुर्तजाबाद झाले होते. ती फौज ज्या शेतातून गेली त्या शेताचे पीक गेले, आणि तिला उपाशी ठेवण्यासाठी मराठी स्वारांनी जे जाळले तेही कोणाचे तरी पीकच होते. १७०२ ते १७०४ या वर्षांत दख्खनेत दुष्काळ आणि रोगराई यांनी कहर केला. 'वेळ काढणे' हा शब्द मी वर सहजपणे वापरला. तो वेळ या लोकांच्या कणग्यांतून काढलेला होता. कोणत्या गावाने किती दिले याचा हिशेब महजरांत आणि गावोगावच्या जुन्या दफ्तरांत सापडतो. आपल्या वर्गातील चार-दोघांनी सुटीत आपल्याच गावच्या जुन्या घराण्यांकडे चौकशी केली, तर पोवाड्यांत नसलेले पुष्कळ हाती येईल. मी औंध-किन्हईच्या बाजूने सुरुवात करणार आहे. ज्यांना बरोबर यावयाचे असेल त्यांनी इतिहास विभागात नाव द्यावे.

३ मार्च १७०७ ला औरंगजेब अहमदनगरास वारला. त्याच वर्षी शाहू सुटून आले आणि ज्या ताराबाईंनी राज्य राखले त्यांच्याशीच त्यांचा तंटा सुरू झाला. सातारचा किल्ला आता परशुराम त्रिंबकांकडे होता आणि ते तो शाहूंना देईनात. अखेर किल्ल्यातल्या शेख मिराने प्रतिनिधींनाच कैद करून दरवाजे उघडले. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. दोन घरांची वाटणी पुढे १७३१ च्या तहाने वारणा नदीवर ठरली : उत्तरेस सातारा, दक्षिणेस कोल्हापूर. ती वारणा आमच्या सांगलीजवळ हरिपुरास कृष्णेला मिळते.